चकवा

आजीच्या भुतांना एकेक जागा नेमून दिलेली होती. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा ओढ्याच्या डोहात, हडळ सड्यावरच्या पडक्या विहिरीपाशी. कुठे जायचं नाही आणि कोणत्या वेळी जायचं नाही, एवढं पाळलं की त्यांच्याशी गाठ पडायचं कारण नव्हतं. चकव्याला मात्र जागा नव्हती. तो दिसत नाही, बोलत नाही, अंगाला हात लावत नाही. ओळखीच्या वाटेने माणूस चालत असतो आणि मघाशी मागे टाकलेलं आंब्याचं झाड पुन्हा समोर येतं. आणखी चालावं, तर पुन्हा तेच झाड. देवरुखजवळच्या आमच्या गावात चकव्यात सापडल्याच्या हकिकती घरोघरी होत्या आणि त्या सांगणाऱ्यांपैकी कुणालाही साधं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. तरी मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटे. आजी त्यावर एकच उपाय सांगायची. चालणं थांबवायचं. आहे तिथे खाली बसायचं आणि उजाडायची वाट बघायची.

शहरात आल्यावर मुंजा आणि हडळ गावीच राहिले. चकवा पुन्हा भेटला तो पुण्यात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. ताई आणि मी दोघी गेलो होतो. चित्रपट होता जॅक क्लेटनचा ‘द इनोसन्ट्स’, १९६१ सालचा, कृष्णधवल. दिवे मालवले आणि पडदा काळाच राहिला. नावं नाहीत, कंपनीचं बोधचिन्ह नाही, नुसतं एका मुलीच्या आवाजातलं गाणं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघू लागले. मलाही वाटलं, काहीतरी बिघडलं. पण अंधार तसाच राहिला, गाणं शांतपणे पुढे जात राहिलं आणि हळूहळू सगळं सभागृह गप्प झालं. मग बोधचिन्ह आलं, पाखरांची किलबिल आली, आणि काळ्या पडद्यावर प्रार्थनेसाठी घट्ट जुळलेले दोन हात. एक बाई रडत होती. कशासाठी, ते कळायला चित्रपट संपावा लागणार होता.

हेन्री जेम्सच्या १८९८ सालच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या दीर्घकथेवर तो बेतलेला आहे. इंग्लंडमधल्या एका आडबाजूच्या हवेलीत माइल्स आणि फ्लोरा ही दोन पोरकी भावंडं राहतात. त्यांना सांभाळायला, शिकवायला मिस गिडन्स येते. ती झाली आहे डेबोरा कर. आल्यावर काही दिवसांतच तिला दोन माणसं दिसू लागतात आणि ती दोघंही मेलेली आहेत. एक पूर्वीचा नोकर क्विंट, दुसरी पूर्वीची शिक्षिका मिस जेसल. मुलांना ती दिसतात का? मुलं काही कबूल करत नाहीत. गोष्ट म्हणाल तर एवढीच.

मिस जेसल तळ्याकाठी दिसते ती भर दिवसा. पाण्यापलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यांतली एक बाई उभी आहे. ती पुढे येत नाही, खुणावत नाही. कॅमेराही तिच्याकडे धावत नाही, लांबच थांबतो, त्यामुळे चेहरा नीट कळत नाही. ते दृश्य काही सेकंदांचंच असेल. पण लपलेल्या गोष्टीची भीती मला लहानपणापासून ठाऊक होती. लख्ख उजेडात, काही न करता नुसती उभी असलेली गोष्ट इतकी भयंकर असू शकते हे त्या संध्याकाळी कळलं. माझ्या शेजारी ताईने ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

पुढे मी या चित्रपटाबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि तो कसा रचला आहे हे कळत गेलं तशी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. फॉक्स कंपनीला चित्रपट सिनेमास्कोपमध्ये हवा होता. क्लेटनला तो रुंद पडदा नको होता, कारण कोंडल्यासारखं वाटायचं तर एवढी ऐसपैस चौकट काय कामाची? छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने त्यावर तोड काढली. भिंगापुढच्या फिल्टरच्या कडा त्याने रंगवून घेतल्या. त्यामुळे चौकटीच्या दोन्ही बाजू काळवंडतात आणि उजेड मधेच उरतो. ओटीवर कंदील ठेवून बसलं की असंच असायचं. समोरच्या माणसाचं तोंड दिसे, त्याच्या मागची भिंत अर्धी दिसे, आणि खोली संपते कुठे ते दिसत नसे. अशा उजेडात नजर मधल्या माणसावर ठरत नाही. ती सारखी कडेला जाते. ‘द इनोसन्ट्स’मध्ये मी डेबोरा करकडे जितकं पाहिलं, जवळजवळ तितकंच तिच्या दोन्ही बाजूंच्या काळोखात पाहिलं.

दुसरी गोष्ट संकलनाची. जिम क्लार्कने एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना फार लांब वेळ घेतला आहे. मागची प्रतिमा पुढचीवर रेंगाळते, बागेवर चेहरा, चेहऱ्यावर मेणबत्ती, आणि त्या अवधीत दोन्ही सारख्याच खऱ्या असतात. जे होऊन गेलं ते जायला तयार नाही. भुताची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही, आणि इथे ती कुणीही तोंडाने बोलत नाही.

त्या रात्री घरी चालत येताना आमचं भांडण झालं. ताई म्हणाली, भुतं खरी. मी म्हटलं, सगळं त्या बाईच्या डोक्यात. माझ्याकडे पुरावाही होता. बहुतेक वेळा आपल्याला आधी तिचा चेहरा दिसतो, ती दचकते, आणि मग ती काय बघते ते दिसतं. म्हणजे आपण तिच्याच डोळ्यांनी बघतो, आणि ते डोळे चुकत असतील तर? ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तो थेंब?”

हा थेंब सांगायलाच हवा. मिस गिडन्स मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत येते. तिथे मेजाशी मिस जेसल बसली आहे, रडते आहे. क्षणभराने ती नाहीशी होते. मिस गिडन्स पुढे होते, मेजाला हात लावते, आणि तिथे ओलं लागतं. भुताचा अश्रू. रक्त नाही, नखांचे ओरखडे नाहीत, पाण्याचा एक थेंब, आणि तोही पुसून टाकण्याएवढा. संपूर्ण चित्रपटात हाताला लागेल असा पुरावा काय तो हा. पण बोट ओलं झालं ते कुणाचं? पुन्हा तिचंच. दुसऱ्या कुणी तो थेंब पाहिलेला नाही. आम्ही सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीपर्यंत भांडत आलो, जिना चढून तेच झाड पुन्हा गाठलं, आणि दिवा न मालवता झोपलो.

क्लेटनपुढे सोपा रस्ता होता. विल्यम आर्चिबाल्डने या कथेवर आधी नाटक लिहिलं होतं, त्यात भुतं खरीच होती. क्लेटनने पटकथेवर हात फिरवायला ट्रुमन कपोटीला आणलं ते ही खात्री काढून टाकण्यासाठी. लोक अशा चित्रपटांना संथ म्हणतात, काही घडतच नाही म्हणतात, तेव्हा मला हे आठवतं. संथपणा म्हणजे गोष्ट कमी पडली म्हणून ओढूनताणून लांबवणं नव्हे. शंकेला मुरायला वेळ लागतो. एकदम अंगावर धावून येणाऱ्या गोष्टीबद्दल शंका कशी घेणार? आपण ओरडतो आणि मोकळे होतो. दुसऱ्यांदा बघावं लागतं तिथेच भीती घर करते, आणि दुसऱ्यांदा बघायला चित्रपटाने थांबावं लागतं.

या रीतीचा उगम निदान हॉलीवूडपुरता तरी गरिबीत आहे, आणि मला त्याचं अप्रूप वाटतं. १९४२ साली आरकेओ स्टुडिओने व्हॅल लुटन नावाच्या निर्मात्याला स्वस्तातले भयपट काढायला सांगितले. एका चित्रपटाला दीड लाख डॉलरहून जास्त नाही, आणि नावंसुद्धा स्टुडिओ ठरवून देणार. पहिलं नाव आलं ‘कॅट पीपल’. त्या पैशात नजरेला पटेल असा राक्षस उभा करणं कठीणच. लुटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी काळोख वापरला, त्याला पैसे पडत नाहीत. एक तरुणी रात्री बागेच्या भिंतीकडेने चालली आहे. तिच्या टाचांचा आवाज, मागे दुसऱ्या टाचांचा आवाज. मग मागचा आवाज थांबतो. ती वळून बघते, कुणी नाही. एका दिव्याखालून दुसऱ्या दिव्याखाली, मधे काळोख, आणि तिची चाल वाढत जाते. अखेरीस जो फुत्कार कानावर येतो तो थांबणाऱ्या बसचा असतो. प्रेक्षकाला दचकवण्याच्या या युक्तीला चित्रपटवाले पुढे ‘बस’च म्हणू लागले आणि आजवर हजारो चित्रपटांनी ती बस पळवली. पण त्यांनी फक्त बस घेतली. त्याआधीचं चालणं घेतलं नाही.

तूर्नरने पुढे १९५७ साली ‘नाइट ऑफ द डीमन’ केला तेव्हा निर्मात्याच्या आग्रहामुळे त्यात राक्षस उघड दाखवला गेला. चित्रपट सुंदर आहे, वादळ, दगडी वर्तुळं, एका चिठोऱ्याचा शाप, सगळं मन लावून केलेलं. पण राक्षस दिसला की मला हायसं वाटतं, आणि तिथेच नुकसान होतं.

लुटनकडेच रॉबर्ट वाइज दिग्दर्शक झाला. त्याआधी तो संकलक होता, ‘सिटिझन केन’ त्याने संकलित केलेला. ‘द साउंड ऑफ म्युझिक’वाला वाइज तो हाच, आणि त्या गोड चित्रपटाच्या दोनच वर्षं आधी, १९६३ साली, त्याने ‘द हॉन्टिंग’ केला, शर्ली जॅक्सनच्या कादंबरीवरून. वॉरिकशायरमधली एटिंग्टन पार्क ही हवेली त्याने बाहेरून इन्फ्रारेड फिल्मवर टिपली, म्हणून दिवसाचं आभाळ काळं पडतं आणि दगड जिवंत कातडीसारखे दिसतात. आतल्या खोल्या स्टुडिओतल्या. त्या त्याने अशा भिंगातून घेतल्या जे अजून पुरतं तयार झालं नव्हतं. सरळ रेषा वाकवतं, नंतर तक्रार करू नका, असं पॅनाव्हिजन कंपनीने त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. वाइजला ते वाकणंच हवं होतं.

या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. दोन बायका पलंगावर एकमेकींना बिलगून बसल्या आहेत, बाहेर व्हरांड्यात काहीतरी भिंती ठोकत येतं, दाराशी थांबतं. मूठ हळूच फिरते. दुसऱ्या एका रात्री जाड लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, छाती भरून श्वास घ्यावा तसं, आणि परत बसतं. दारामागून एक माणूस लाकडाचा ओंडका रेटत होता हे मला आता माहीत आहे. माहीत असून दार फुगायच्या वेळी मी पाय वर घेते. आणि त्या दोघींतल्या एलिनॉरचा तो हात! अंधारात भिंतीपलीकडून पुटपुटणं, मग लहान मुलाचं रडणं ऐकू येतं, ती शेजारणीचा हात घट्ट धरते, इतका जोरात दाबू नकोस म्हणते. दिवा लागतो तेव्हा शेजारीण खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला असते. मग इतका वेळ तिने धरला होता तो हात कुणाचा होता?

एलिनॉरबद्दल मला माया वाटते. अकरा वर्षं आजारी आईची सेवा केलेली, स्वतःचं घर नसलेली बाई. तिला ते झपाटलेलं घर हवंसं वाटू लागतं, कारण तिला बोलावणारं ते पहिलंच आहे. या चित्रपटांची ओढ मला का लागली याचा विचार करते तेव्हा उत्तर बहुधा इथेच कुठेतरी सापडतं. त्यांतली भीती एकाकी माणसांची आहे, आणि एकाकी माणसाचा वेळ संथच असतो.

मिझोगुचीच्या ‘उगेत्सु’बद्दल बोलताना माझा आवाज खाली येतो. १९५३ सालचा जपानी चित्रपट. यादवी चालू असताना एक कुंभार गावाला बायकामुलाला ठेवून भांडी विकायला शहरात जातो आणि तिथे एका खानदानी स्त्रीच्या मोहात पडतो, जी जिवंत नसते. सुटून तो घरी परततो. रात्र आहे. घर ओसाड, चूल थंड. तो हाका मारत आत शिरतो, मागच्या दाराने बाहेर पडतो, घराला वळसा घालतो. कॅमेरा घरातच राहतो, भिंतीच्या फटींतून आणि खिडक्यांतून त्याच्याबरोबर सावकाश फिरत. वळसा पूर्ण होऊन तो पुन्हा पुढच्या दाराशी येतो, कॅमेराही वळतो, आणि चूल पेटलेली आहे. बायको चुलीशी बसली आहे. मधे कुठेही काप नाही. त्याच चौकटीत, क्षणापूर्वी रिकामी पाहिलेली तीच जागा.

तो जेवतो, मुलाला कुशीत घेऊन झोपतो. ती जागी राहते, त्याचे कपडे शिवत बसते. सकाळी गावचा मुखिया येऊन सांगतो की तिला सैनिकांनी केव्हाच मारलं.

एक प्रदक्षिणा, आणि माणूस जिथून निघाला तिथेच पोचतो. चकवाच तो. फक्त हा चकवा माणसाला रात्रभर फिरवत नाही, एक रात्र घरी निजू देतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्या शिवणाऱ्या बाईची भीती वाटली नाही. भीती वाटली ती सकाळ होईल याची.

आपल्याकडे या जातीचं जे काम झालं त्यात मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये झालेला ‘महल’ मला सगळ्यांत जवळचा. १९४९ साल, कमाल अमरोहींचा पहिला चित्रपट, म्युनिकहून आलेल्या योझेफ विर्शिंगचं छायांकन. अशोककुमार हातात मेणबत्ती घेऊन खोल्यांतून फिरतो, गाण्याच्या आवाजाच्या मागावर जातो, आणि आवाज पुढच्या खोलीत सरकतो. त्या गाण्यासाठी लता मंगेशकरांना माइकपासून लांब उभं केलं होतं आणि गात गात जवळ यायला सांगितलं होतं. दूरपणा असा पावलांनी मोजून मिळवलेला आहे. गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. आवाज घरोघरी गेला, आवाजाची मालकीण कोण ते लोकांना ठाऊक नव्हतं. ‘महल’मधलं सर्वांत खरं भूत हेच असावं. कारण शेवटी पडद्यावरच्या बाईचा खुलासा होतो, ती हाडामांसाची निघते. त्यानंतरच्या ‘बीस साल बाद’, ‘वह कौन थी’ यांनीही तोच खुलासा करून प्रेक्षकाला घरी पाठवलं. मला ते खुलासे पटत नाहीत. धुक्यातल्या पांढऱ्या साडीवर पंधरा रिळं विश्वास ठेवायला लावायचा आणि सोळाव्यात तो काढून घ्यायचा, यात प्रेक्षकाचा अपमान आहे. सुदैवाने झोपाळ्यावर बसलेली मधुबाला खुलाशानंतरही झोपाळ्यावरच राहते.

त्या पुण्यातल्या रात्रीला आता बरीच वर्षं झाली. ताई शाळेत शिक्षिका झाली, तिला मुलगी झाली. मधे आम्ही ‘द इनोसन्ट्स’ पुन्हा पाहिला आणि तो संपल्यावर ताई रागाने म्हणाली, “भुतंबितं काही नाहीत गं. ती बाई त्या मुलांना बोलूच देत नाही. प्रश्न विचारते, पण उत्तर तिने आधीच ठरवलंय.” वर्गात अशा मोठ्या माणसांसमोर उभी राहिलेली मुलं तिने पाहिली होती. शेवटच्या प्रसंगात, मिस गिडन्स माइल्सकडून ते नाव वदवून घेते तेव्हा, ताईला क्विंट दिसतच नव्हता. तिला दिसत होता एक घाबरलेला मुलगा.

आणि मी पलीकडे गेले होते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तीन महिने रात्री मी जागून काढल्या. दोन ते चारच्या दरम्यान घर वेगळं असतं. फ्रिज बंद पडून पुन्हा सुरू होतो, भिंतीतला नळ खोकतो, आणि त्या आवाजांच्या मधल्या शांततेत कुणीतरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून आत यावं की नाही याचा विचार करतंय असं मला अनेकदा वाटलं. मी उठून बघायला गेले नाही. ते भित्रेपण नव्हतं. मी बघितलं असतं तर ते गेलं असतं, आणि बाबा सोडून मला त्या वेळी सोबतीला दुसरं कुणी नव्हतं. तेव्हापासून मेजावरच्या थेंबावर माझा विश्वास आहे. चित्रपटाची एक चौकटही बदललेली नाही, आम्हा दोघींनी जागा बदलल्या, आणि त्याने दोघींनाही ठेवून घेतलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाची आठवडाभर माझ्याकडे होती. चौदा वर्षांची. तिने हवे तेवढे भयपट पाहिलेले आहेत आणि एकाचीही भीती वाटली नाही असं ती म्हणाली. मी ‘द हॉन्टिंग’ लावला. पहिला अर्धा तास ती सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती. “मावशी, भूत केव्हा येणारे?” म्हणून दोनदा विचारलं. भिंती ठोकल्या जाऊ लागल्या तेव्हा फोन पालथा पडला. हाताच्या प्रसंगानंतर तिने स्वतःचा हात पांघरुणात घेतला, बोलली काही नाही.

पुढे एक साधं दृश्य होतं. माणसं जिन्यावरून उतरतात, बोलतात, निघून जातात, एवढंच.

“थांब,” ती म्हणाली. “मागे घे ना. तिथे कुणीतरी होतं.”

“कुठे?”

“मागे. कोपऱ्यात.”

मी मागे घेतलं. माणसं पुन्हा उतरली, बोलली, निघून गेली. कोपऱ्यात कुणी नव्हतं.

“अजून थोडं मागे,” ती म्हणाली, आणि सोफ्यावरून उतरून पडद्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.